मोबाइलच्या व्हिडिओला पॅल नको
घरच्या व्हिडिओची टीव्हीवर बघायला डीव्हीडी बनवताना ‘पॅलच (सेकंदाला २५ फ्रेमची, आपल्याकडची टीव्ही पद्धत) निवडा, आपल्याकडे तेच चालतं’ असा सल्ला मिळतो. तो जुन्या मिनीडीव्ही टेपांसाठी (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल कॅसेट) बरोबर आहे, मोबाइलच्या व्हिडिओसाठी नाही. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. त्या पॅलच्या २५ मध्ये बसवताना दर सहावी फ्रेम गळते आणि बारशात कॅमेरा पाळण्यावरून फिरला की चित्र अडखळतं. तिथे सरळ एनटीएससी (सेकंदाला सुमारे ३० फ्रेमची अमेरिकी पद्धत), ७२० बाय ४८० पिक्सेल घ्या. आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर दोन्ही चालवतात.

मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेल्या डीव्ही फाइलला मात्र ‘बॉटम फील्ड फर्स्ट’च ठेवा, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांपैकी खालच्या ओळींचं आधी. हे उलटं झालं तर ओवाळणाऱ्या हाताच्या कडा टीव्हीवर थरथरतात, आणि दोष उगाच डिस्कवर येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुट्या कोऱ्या डिस्क घेऊ नका, सीलबंद डबा घ्या. फायनलाइझ (लिहून झाल्यावर डिस्क बंद करणं) विसरलात तर टीव्हीखालचा प्लेअर बहुधा डिस्क ओळखणार नाही.