केमो चालू असताना चांगली बातमी कशाला म्हणायची?

केतकीचं_बन:
आईला (६१) स्तनाचा कर्करोग आहे. एसी (अ‍ॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड) या केमोच्या चार सायकल म्हणजे फेऱ्या, दर २१ दिवसांनी, दोन झाल्या. पुढे पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध, दर आठवड्याला एक असे १२ डोस. घरी येणारा प्रत्येक जण "पॉझिटिव्ह राहा" सांगून जातो. कुणीतरी वही दिली, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला. चार पानं भरली आणि वही कपाटात गेली. "तोंडाला चव नाही, डोक्यावर केस नाही, आभार कुणाचे मानू?" सक्ती करायची नाहीये, पण दिवसभरात एकही बरी गोष्ट तिला दिसू नये हेही बघवत नाही. काय करता येईल?

डेकेअर_सिस्टर:
रोजची वही बंद पडली ते बरंच झालं. २१ दिवस सारखे नसतात. पहिले दोन-तीन दिवस डेक्सामुळे (केमोसोबत देतात ते डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) उसनी तरतरी, झोप उडालेली. (गोळी घरी घ्यायची असेल तर सकाळी नाश्त्यानंतर चालेल का, विचारून घ्या.) डेक्सा थांबलं की चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस गळून जातो, उगाच रडू येतं. हा औषधाचा उतार आहे, मनाचा कमकुवतपणा नव्हे, हे आईंना आधीच सांगून ठेवा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काऊंट (रक्तातल्या पेशींची संख्या) तळाला जातात. तिसरा आठवडा त्यातल्या त्यात बरा. लिहायचंच तर तेव्हा, एकदाच.

पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे तक्रारी, उजवीकडे बरं काय ते. आधी डावी बाजू भरायची. कारण "सगळं छान" म्हणायची सवय लागली की पेशंट ओपीडीतही तेच सांगतात. पॅक्लिटॅक्सेलने बोटांना मुंग्या येतात. ब्लाउजची हुकं लागेनात, हातातून चमचा सुटायला लागला, तरी "चाललंय" म्हणतात. डोसमध्ये वेळेवर बदल झाला नाही तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. डावी बाजू डॉक्टरांना वाचूनच दाखवा.

उजवीकडे तपासता येईल तेवढंच: वाटीभर मऊ भात पोटात राहिला. उलटीची गोळी चालू असूनही पोट साफ झालं (त्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, म्हणून ही बातमीच). लाल औषधानंतर (एसीमधलं अ‍ॅड्रियामायसिन) लघवीला आलेला लालसर रंग दुसऱ्या दिवशी गेला.

आणि सायकलच्या आधीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. डब्ल्यूबीसीला (एकूण पांढऱ्या पेशी) न्यूट्रोफिलच्या (त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी) टक्क्यांनी गुणा: ३२०० चे ५५ टक्के म्हणजे १७६०. हा एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या. सहसा १५०० च्या वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर असले की केमो ठरल्या दिवशी होते. तारीख न चुकणं ही पक्की चांगली बातमी. काऊंट वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर पांढऱ्या पेशी काही दिवस एकदम वर उडतात; त्यावर हुरळू नका, घाबरूही नका.

ताप १००.४ फॅरनहाइट दिसला तर मात्र वही, क्रोसिन सगळं बाजूला. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल.

मनोमन:
समुपदेशनाच्या बाजूने भर घालतो. कृतज्ञतेच्या नोंदींवरचा एमन्स आणि मॅकलो यांचा २००३ चा अभ्यास सगळे पुढे करतात. त्यात बहुतेक विद्यार्थी होते, एका गटात स्नायू-मज्जातंतूंच्या आजाराचे लोक; केमो घेणारे नव्हेत. त्यांना बरं वाटलं हे खरं, पण त्यावरून पेशंटला गृहपाठ देऊ नये. "आनंदी राहिलीस तरच बरी होशील" हे तर घरात कुणालाही बोलू देऊ नका. डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १०९३ रुग्णांवरचा अभ्यास २००७ मध्ये आला. मनःस्थितीचा जगण्याच्या कालावधीशी संबंध सापडला नाही. म्हणजे रडल्याने गाठ वाढत नाही. माझ्या मते आईंना देण्यासारखी सगळ्यात मोठी चांगली बातमी हीच.

आठवड्यातून एकदा विचारा, "त्रास शून्य ते दहात किती?" हे मनाच्या त्रासाबद्दल. ४ किंवा जास्त आलं तर ओपीडीत सांगा, समुपदेशक मिळेल का बघा. तिथे वहीचा उपयोग नाही.

शेजारधर्म:
+१. आभारांचं म्हणाल तर ते आईंनी नाही, घरातल्या एकाने मानायचे, आणि कामाचं नाव घेऊन. "सगळ्यांचे आभार" लिहिलं की ग्रुपवर चाळीस हात जोडलेले येतात आणि डबा कुणीच आणत नाही. "मंगळवारची मुगाची खिचडी बिनतिखट होती, आईने दोनदा घेतली. पुढच्या मंगळवारी जमेल?" असं लिहा. आभारही झाले, मदतही ठरली. प्लेटलेट द्यायला आलेल्यांना दुसऱ्या दिवशीचा काऊंट कळवा.

शेवटच्या केमोनंतर लगेच सत्यनारायण किंवा नवस फेडायचा बेत निघतोच. काऊंट तेव्हा पुन्हा खाली असतात. निदान तीन आठवडे थांबा, सीबीसी बघा, डॉक्टरांना विचारा. कच्च्या दुधाचं पंचामृत आणि केव्हाची कापून ठेवलेली फळं आईंना नकोत. गरम शिरा चालेल.

गोदाकाठ:
आमच्याकडे चौथी स्टेज. रिपोर्टवर "स्टेबल डिसीज" आलंय. घरात सगळे हिरमुसले, कमी का नाही झालं म्हणून.

डेकेअर_सिस्टर:
@गोदाकाठ, ढोबळमानाने, मोजलेल्या गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के घटली तर "पार्शल रिस्पॉन्स", २० टक्के वाढली तर "प्रोग्रेशन", मधलं सगळं "स्टेबल". चौथ्या स्टेजला औषधाने आजार जागच्या जागी रोखून धरला, म्हणजे बहुधा तेच औषध पुढे चालू राहतं. ही चांगली बातमीच आहे. ओपीडीत दोन प्रश्न विचारा: औषध तेच राहणार का, आणि पुढचं स्कॅन कधी. रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी मोबाइलवर येतो. तो कुणी उघडायचा हे पेशंटला विचारून आधीच ठरवा, आणि शक्यतो रात्री उघडू नका.