मदत हवी आहे: पीएचडी फॉर्ममध्ये विषय कोणता टाकू?

मुक्ता_टाइप्स: लिंक परवा बंद होतेय, प्लीज पटकन सांगा. शुक्रजंतूंची हालचाल व्हिडिओवरून मोजायची असा माझा विषय आहे. कम्प्युटरवाले म्हणतात ही बायॉलॉजी, बायॉलॉजीवाले म्हणतात हे कम्प्युटर, आणि फॉर्मात रकाना एकच. काय टाकू??

परळकर: एमएस्सी कशात? नेट? गाइड ठरलाय? आणि हे काम करणारी कासा मशिनं (कम्प्युटरने शुक्रजंतू तपासणारी) बाजारात कधीची आहेत, मग तुझं नवीन काय?

मुक्ता_टाइप्स: एमएस्सी नाही हो, एमटेक. गाइड कम्प्युटरचेच. डब्ल्यूएचओने २०२१ च्या मॅन्युअलमध्ये पुढे जाणाऱ्या शुक्रजंतूंत परत भरभर आणि हळू असे दोन गट केलेत, सीमा सेकंदाला २५ मायक्रोमीटर, ते नुसत्या डोळ्यांनी धड होत नाही आणि मशिन लहान लॅबला परवडत नाही, म्हणून मोबाइल कॅमेऱ्यावर करायचंय. पण मी विषयाचं विचारतेय!

डॉ_गोठा: माणसांच्या मागे कशाला लागतेस, वळू धर. उरुळीकांचनला बाएफ ही पशुपैदाशीचं काम करणारी संस्था आहे, ते गायींसाठी वळूच्या वीर्याच्या रेतमात्रा बनवतात, त्यांना विचार. पेशंटची संमती वगैरे भानगडच नाही.

परळकर: आणि वळूवर शिकवलेलं मॉडेल माणसाला लावणार? डोक्याचा आकार वेगळा, पोहणं वेगळं.

डॉ_गोठा: माणसाला लावा कोण म्हणालं. गायी गाभण राहायला नकोत का?

सातारची_सून: नणंदेचं आयव्हीएफ करायचंय, पुण्यात साधारण किती खर्च येतो?

परळकर: ताई, वेगळा धागा काढा. मुक्ता, लाइफ सायन्सेस टाक. १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली ती डॉ. इंदिरा हिंदुजा मॅडम आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे आनंद कुमार अशा दोघांमुळे, मॅडम गायनॅक असून मुंबई विद्यापीठात आयव्हीएफवर पीएचडी केलेल्या. हे काम जीवशास्त्रातच शोभतं. शिवाय उद्या एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये गर्भ तयार करणारा तज्ज्ञ) व्हायचं तर कम्प्युटरची डिग्री एआरटी म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यात बसेल का, शंकाच आहे.

नियमवाला: तिने नोकरीचं विचारलंय कुठे? गाइडला मान्यता ज्या विषयात तोच विषय, संपलं. कम्प्युटरचा माणूस लाइफ सायन्सेसमध्ये गाइड कसा होईल? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आंतरशाखीय कामाला बाहेरच्या विभागातला, अगदी दुसऱ्या विद्यापीठातलासुद्धा को-गाइड चालतो. जीवशास्त्रवाला तिथे घे.

परळकर: आणि थिसिस तपासायला सगळे कोडिंगवाले येतील, त्यांना मॉर्फॉलॉजी, म्हणजे शुक्रजंतूंचा आकार-रचना, काय कळणार.

नियमवाला: म्हणून तर को-गाइड. मुक्ता, नमुने कुठून आणणार ते लिहिलंच नाहीस. हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय एकही व्हिडिओ काढू नकोस, नंतर पेपर कुठे छापून येणार नाही.

मुक्ता_टाइप्स: परवानगीचं गाइड बघतील म्हणाले होते. बरं, कम्प्युटर टाकते. को-गाइडचं नाव आत्ताच द्यावं लागतं का?

नियमवाला: ते विद्यापीठावर आहे, कुठलं ते सांग. आणि "गाइड बघतील" वर राहू नकोस, अर्ज केलाय का ते आजच विचार.