बीपीच्या पेशंटची हृदयाची सोनोग्राफी गावातच व्हावी का?

कागलकर: आबांना बारा वर्षं बीपी. ईसीजी दरवेळी नॉर्मल यायचा, त्यामुळं आम्ही निर्धास्त. यंदा उसाच्या फडातून आले आणि दुसऱ्या दिवशी पायताण पायात शिरेना, एवढी सूज. कोल्हापुरात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १४ मिलिमीटर! ११ च्या वर गेली की जाड म्हणतात. हे काय एका वर्षात झालेलं नाही. आता मोबाईलला जोडायचा, मुठीत मावणारा सोनोग्राफीचा प्रोब मिळतो. छातीला जेल लावून भिंत आणि पंपिंग काही मिनिटांत बघता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या प्रत्येक पेशंटचं एकदा तरी हे व्हायलाच पाहिजे.

शाहूपुरीतला डॉक्टर: आबांचं वाचून वाईट वाटलं. जाड भिंत ईसीजीत बऱ्याचदा सुटते, हे खरंच. पण ‘प्रत्येक’ला माझा विरोध. भिंत जाड निघाली तरी पहिलं काम तेच, बीपी खाली आणणं. ‘बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली’ म्हणत लोक येतात, बीपी १८०/११०, आणि ताटात रोज खर्डा, पापड. तिथं प्रोब काय करणार? शिवाय हात तयार नसेल तर पडद्यावर हृदयाचा छेद तिरका येतो आणि चांगली भिंतही जाड दिसते.

करवीर वकील: छातीवरचा प्रोब पोटावरही फिरतो. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. सोनोग्राफी मशीनवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवायची वेळ आली ती याच कोल्हापुरात. १९९४ च्या गर्भलिंग निदान कायद्याखाली नोंदणी नसलेला एकही प्रोब गावात फिरता कामा नये.

कागलकर: वकीलसाहेब, मान्य. नोंदलेलं मशीन केंद्रातच कुलपात ठेवा. डॉक्टर, तुमचं मात्र पटत नाही. १६० चा आकडा सांगून आबांनी कधी मनावर घेतलं नाही. पडद्यावर स्वतःचं हृदय हलताना बघितलं, तेव्हा गप्प झाले. आता गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याशेजारी असतं. प्रत्येकाचं नको तर नको, दम लागतो, सूज येते, त्यांचं तरी करा.

शाहूपुरीतला डॉक्टर: दम आणि सूज असेल तर पूर्ण इकोच करायचा. तिथं छोट्या प्रोबवर थांबणं धोक्याचं.

कागलकर: मग दम लागायच्या आधी कोण बघणार? आबा फेब्रुवारीपर्यंत जोतिबाचा डोंगर न थांबता चढत होते.