दाढी, मिशी आणि पांढरा एप्रन : शिकाऊ डॉक्टरांचे अनुभव

वॉर्डात आल्यापासून शिकाऊ डॉक्टरला कपडे, केस, नखं यांबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागतं, पण सगळ्यात जास्त खटके उडतात ते दाढीवरून. कुणाची श्रद्धा असते, कुणाचं सुतक, कुणाची सलग ड्यूटी, कुणाची निव्वळ हौस. मी छातीरोग विभागात शिकवते. क्षयाच्या वॉर्डात एन-९५ मास्क लावून उभ्या राहणाऱ्या मुलांची मला रोज काळजी वाटते, आणि त्याच मुलांना चारचौघांत ‘हा काय अवतार?’ असं कुणी सुनावलं की रागही येतो. दाढीबद्दल नियम जरूर असावा, पण मास्क चेहऱ्याला नीट बसतो की नाही, यावर तो बेतलेला असावा. वरिष्ठांच्या आवडीनिवडीवर नको. म्हणून ओळखीच्या डॉक्टरांना आणि सिस्टरना लिहायला सांगितलं. नावं काढून, फारशी काटछाट न करता त्यांचे अनुभव देते आहे. तुमचेही लिहा.

मेडिसिन, दुसरं वर्ष, मराठवाडा

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर वडील गेले. दहाव्याला गावी डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवलं. तेरावं झालं तशी रात्रीची एसटी पकडली आणि सकाळी ड्यूटीवर हजर झालो. राउंडला युनिट हेडनी मला खालीवर न्याहाळलं. म्हणाले, “हे काय नवीन?” मला बोलताच येईना. शेवटी खाटेवरच्या आजीच म्हणाल्या, “सायेब, लेकराच्या घरचं कुनीतरी गेलंय. मिशी उतरवलीय, दिसंना व्हय?” सर गप्प झाले. राउंड आटोपल्यावर वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) चहा घेऊन आले, “आई का वडील?” एवढंच विचारलं आणि शेजारी बसून राहिले.

केस परत येईपर्यंत ओपीडीत रोज तेच. पेशंट आधी माझी विचारपूस करायचे, मग स्वतःचं दुखणं सांगायचे. मला त्याचा त्रास झाला नाही, उलट आधारच वाटला. एकच गोष्ट सलते. रजेच्या अर्जावर कारण स्पष्ट लिहिलेलं होतं. युनिटमध्ये तो कुणीतरी वाचायला हवा होता.

भूलशास्त्र, तिसरं वर्ष, नागपूर

आमच्याकडे दाढीचा विषय पेशंटच्या बाजूनं येतो. भूल दिल्यावर पेशंटचा श्वास थांबतो, तेव्हा तोंडावर मास्क दाबून धरून बॅगेनं ऑक्सिजन द्यावा लागतो. दाढी दाट असली की मास्कच्या कडेनं हवा निसटते. बॅग दाबली तरी छाती वर येत नाही. हातात काही सेकंद असतात आणि मॉनिटरचा सूर उतरायला लागतो. २००० साली फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासातली पाच धोक्याची लक्षणं आम्हाला तोंडपाठ असतात : वय ५५ च्या वर, बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानानं वजन) २६ च्या वर, दात नसणं, घोरणं आणि दाढी. यातली आदल्या दिवशी बदलता येईल अशी दाढी तेवढी. म्हणून आम्ही ती काढायची विनंती करतो. पेशंट नाहीच म्हणाले तर केसांवर जेली चोपडतो, किंवा पारदर्शक चिकट ड्रेसिंग लावून तोंडापुरतं भोक ठेवतो.

पेशंटला हे सगळं आम्ही शांतपणे समजावतो. ज्युनियरला मात्र ‘उद्या दाढी करून ये’ एवढंच सांगितलं जातं. त्याच्या एन-९५ मधून हवा अशीच कडेनं आत-बाहेर जाते. ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावून त्याच्या हातात बॅग द्या, त्याचं त्यालाच कळेल.

(मध्येच थोडं माझं. कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेच्या निऑश या संस्थेनं २०१७ मध्ये दाढी-मिशांच्या प्रकारांचा एक चित्रतक्ता काढला होता. तो मी विभागात लावला आहे. ओठापुरती मिशी चालते, कारण मास्कची कड तिच्या बाहेरून जाते. दोन दिवसांची खुंटं मात्र चालत नाहीत, मग ती कितीही नीटनेटकी राखलेली असोत. म्हणजे फोटोत रुबाबदार दिसणारा चेहरा क्षयाच्या वॉर्डात धोक्याचा, आणि गावाकडची झुपकेदार मिशी सुरक्षित! मुलं हा तक्ता बघून सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.)

सर्जरी, तिसरं वर्ष

मी मूठभर दाढी ठेवतो, ती आमच्याकडे सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली रीत मानतात. एका मुलाखतीत मला विचारलं गेलं होतं, “पेशंट विश्वास ठेवतील का?” पेशंटांपैकी कुणी आजवर तसं बोललेलं नाही. थिएटरमधल्या साध्या टोपीत दाढी झाकली जात नाही, हा खरा प्रश्न होता. तो थिएटरच्या सिस्टरनी सोडवला. त्यांनी स्टोअरकडे मागणी टाकून मानेपर्यंत येणारे हूड मागवले. आता डोळ्यांपुरता चेहरा उघडा राहतो.

कोविडमध्ये मी इंटर्न होतो. तेव्हा अब्बांशी बोलून दाढी काढली होती. दाढी असली तरी चालणारे, हवा पुरवणारे हूड आमच्या वॉर्डात नव्हते आणि घरी दम्याच्या दादी होत्या. अब्बा म्हणाले, “जान पहले, बेटा.” लाट ओसरल्यावर परत वाढवली. तो निर्णय माझा मला घेऊ दिला, याबद्दल तेव्हाच्या आमच्या लेक्चरर मॅमचे आभार.

इंटर्न, ग्रामीण रुग्णालय, नंदुरबार जिल्हा

माझा चेहरा कोवळा आहे. सलाईन लावायला गेलो की “मोठे डॉक्टर कधी येतील?” हे ठरलेलं. मिशी राखल्यापासून हा प्रश्न कमी झालाय. बरोबरच्या मुलींना मात्र अजून ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतात, त्यांनी काय राखायचं?

स्त्रीरोग विभाग, पहिलं वर्ष, मुंबई

दाढीचा विषय निघाला की सगळे मुलांबद्दल बोलतात. मला पीसीओएस (हार्मोन्सचं संतुलन बिघडवणारा बायकांचा विकार) आहे, हनुवटीवर आणि गळ्यावर जाड केस येतात. घरी असताना आठवड्याला पार्लर व्हायचं. रेसिडेन्सीत झोपेलाही वेळ नाही, तर थ्रेडिंग कुठून करणार? सलग ड्यूटीनंतर मास्क काढायची मला भीती वाटायची. मेसमध्ये सगळ्यांच्या नंतर जेवायचे. एकदा एका पेशंटच्या नातेवाईक बाई माझ्या तोंडावर म्हणाल्या, “डॉक्टरच अशी, तर आमच्या पोरीचं काय करणार!” पोरीला तोच त्रास होता. मी तिला बाहेर नेऊन माझ्या गोळ्यांबद्दल, वजनाबद्दल, लेझरच्या खर्चाबद्दल सगळं सांगितलं. ती नियमित फॉलोअपला येते. मी अजूनही मास्क चटकन काढत नाही, पण जेवायला वेळेवर जाते.

इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेणारा, मूळचा सांगलीचा

इथे श्वसनाच्या वॉर्डात जाण्याआधी मास्कची फिट टेस्ट होते. डोक्यावर प्लास्टिकचा हूड चढवतात आणि आत कडू फवारा मारतात. मास्क लावून मान डावी-उजवीकडे, वर-खाली करायची, मोठ्यानं उतारा वाचायचा. जिभेला कडू लागलं की नापास. मी गालावरच्या खुंटांमुळे नापास झालो, तिथल्या तिथे रेझर मिळाला. कुणी ‘दिसतोस कसा’ म्हणालं नाही.

माझ्या शीख सहकाऱ्यानं ‘सिंग ठाठा’ पद्धत वापरली. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ती २०२० मध्ये जर्नलमध्ये मांडली. रुंद रबरी पट्टा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारतात, सगळी दाढी त्याखाली दबते आणि वरून मास्क लावतात. तो पहिल्या फटक्यात पास झाला.

सर्जरीचे प्राध्यापक, पश्चिम महाराष्ट्र

मी कडक आहे आणि राहणार. दाढी ठेवा, पण राखा. रात्री अडीचला अपघाताचा पेशंट येतो, तेव्हा नातेवाईक डॉक्टरच्या चेहऱ्याकडेच बघत असतात. पारोसा, विस्कटलेला मुलगा पाहून त्यांचा धीर सुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मात्र सांगण्याआधी सोय हवी. आमच्या ड्यूटी रूममध्ये मी पाठपुरावा करून गीझर, आरसा आणि कपड्यांसाठी लॉकर बसवून घेतले. छत्तीस तास राबलेल्या मुलाला गरम पाणी न देता दाढीवरून बोलणं मला पटत नाही.

संसर्ग नियंत्रण सिस्टर, पुणे

दाढीत जंतू जास्त असतात का, हे मला प्रत्येक बॅच विचारते. अमेरिकेत ४०८ पुरुष कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्याचे स्वॉब घेतले होते, तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. दाढीवाल्यांच्या चेहऱ्यावर जंतू जास्त सापडले नाहीत. पण भूलतज्ज्ञांच्या २००० सालच्या एका अभ्यासात मास्क चाळवला की दाढीवाल्यांकडून जंतू जास्त गळताना दिसले. म्हणून माझं सांगणं असं, की निर्जंतुक ट्रेवर वाकून मास्क सारखा करू नका. दाढी रोज साबणानं धुवा. बोलता बोलता दाढीवरून हात फिरवायची सवय असेल तर ती मोडा, कारण हात धुऊनही फुकट जातात. आणि एन-९५ लावल्यावर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेनं वारा लागला तर आत जाऊ नका, मला बोलवा.

ज्यांच्या कॉलेजात फिट टेस्ट नियमित होते, त्यांनी ती कोण घेतं आणि फवाऱ्याचं सामान कुठल्या खर्चातून येतं, हे जरूर लिहा. आमच्या विभागात नवीन बॅच येण्याआधी ती सुरू करायची आहे.