गेट उघडलं नाही म्हणून

*बी-२०४:* सगळ्यांना नमस्कार. काल रात्री साडेबाराला वॉचमनने माझ्या मेहुण्याला गेट उघडून दिलं नाही. पार्किंगमधून गाडी काढताना खांबाला जरा घासली, त्याचा खर्च मी देणार आहे, तो प्रश्न नाही. पण खिडकीतून हात घालून किल्ली काढून घ्यायची? पाहुण्याशी असं वागतात का? कमिटीने त्याला समज द्यावी. आणि कॅमेऱ्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरवू नका, जमलं तर पुसूनच टाका.

*ए-१०२:* जरा घासली नाही हो. सकाळी फिरायला उतरलो तर दिव्याच्या काचा खांबाखाली पडलेल्या. मुलं अनवाणी खेळतात म्हणून मीच वेचल्या.

*डी-४०३:* जाऊ द्या काका. घरच्या कार्यक्रमात दोन पेग होतात. माणसाला कुणाला लागलं नाही ना? मग विषय संपवा. वॉचमनने तर हद्दच केली. आपल्या आवारात कुठला आलाय कायदा?

*सी-३०१ (डॉक्टरताई):* विषय संपवायच्या आधी मला बोलू द्या. वॉचमनला समज देणार असाल तर मी त्याच्या बाजूने उभी आहे, हे आधीच सांगते.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ काढून वाचा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि चालवण्याचा प्रयत्न करणं हासुद्धा. 'प्रयत्न' हा शब्द कलमातच आहे. अपघात व्हायलाच हवा, कुणी जखमी व्हायलाच हवं, असं त्यात काही नाही. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड. आवाराचं म्हणाल तर पोलिसांच्या श्वासचाचणीचं जे २०३ कलम आहे त्यात सार्वजनिक जागेचा उल्लेख आहे, १८५ मध्ये नाही. आणि गेटच्या पुढे पाच पावलांवर रस्ताच आहे. तो तिकडेच निघाला होता ना?

*डी-४०३:* ताई, नुसत्या खांबाला लागलं म्हणून एवढं?

*सी-३०१ (डॉक्टरताई):* हो. 'कुणाला लागलं नाही' या वाक्याला सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये उत्तर दिलंय. उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातला एक ड्रायव्हर जवानांनी भरलेला ट्रक घेऊन चालला होता, दारू प्यायलेला. जीपला धडक बसली. नुकसान किरकोळ होतं, म्हणून दया दाखवा असं त्याचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, मोठी हानी झाली नाही हे केवळ नशीब, तेवढ्यावरून वर्तन माफ होत नाही. त्याची पंचवीस वर्षांची नोकरी आणि अपघाताचं किरकोळ स्वरूप बघून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली, पण दोष पुसला नाही.

*बी-२०४ (वहिनी):* ताई, निघायच्या आधी मीच त्याला तासभर बसवलं होतं. काळी कॉफी दिली, तोंडावर पाणी मारायला लावलं. अगदी नीट बोलत होता हो.

*सी-३०१ (डॉक्टरताई):* वहिनी, तुम्ही मनापासून केलंत. पण कॉफीने झोप उडते, रक्तातलं अल्कोहोल हलत नाही. ते यकृत आपल्या चालीने काढतं, १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे ११० वर गेलेला माणूस ३० वर यायला पाच तासांच्या वर लागतात. दोनला झोपून सहाला गाडी काढणाराही सुटलेला नसतो. आणि 'नीट बोलत होता' याचं म्हणाल तर रोज घेणारे मर्यादेच्या दुप्पट असतानाही स्पष्ट बोलतात. ब्रेक दाबायला होणारा उशीर बोलण्यात दिसत नाही.

*ए-५०१:* पण हे सगळं कोर्टात टिकतं कुठे? पैसेवाले सुटतात.

*सी-३०१ (डॉक्टरताई):* हा राग मलाही आहे. बारा वर्षं कॅज्युअल्टीला रात्रपाळ्या केल्या आहेत, त्यामुळे केस कुठे निसटते ते जवळून पाहिलंय.

पोलीस माणसाला घेऊन येतात. आधी घड्याळ बघून वेळ लिहायची. मग तोंडाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या, सरळ रेषेत चालायला लावायचं. मग रक्त. एरवी सुई टोचायच्या आधी आम्ही स्पिरिटचा बोळा फिरवतो, इथे तो चालत नाही. स्पिरिटमधलं अल्कोहोल नमुन्यात उतरलं तर आकडाच खोटा. बाटलीत सोडियम फ्लोराइडची पूड असते, नाहीतर ठेवल्या जागी रक्त बदलतं. मग बूच, सील, माझी सही, हवालदाराची सही. यातलं एक चुकलं की वकिलाला तेवढंच पुरतं.

एका रात्री रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना उडवलेला पोरगा आणला होता. उभा राहू शकत नव्हता. पण रक्त घ्यायचं पत्र हातात येईपर्यंत उजाडलं. आकडा मर्यादेच्या आत आला. दोन वर्षांनी साक्षीला गेले तेव्हा वकिलांनी विचारलं, नुसत्या वासावरून माणूस नशेत होता असं तुम्ही खात्रीने सांगाल का? मला 'नाही' म्हणावं लागलं. त्या बाईंचा मुलगा समोरच्या बाकावर बसला होता.

वकिलांचा प्रश्न हवेतून आला नव्हता. वास, अडखळणारं बोलणं, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून दारूची नशा सिद्ध होत नाही, रक्त किंवा लघवीची तपासणी हवी होती, असं सुप्रीम कोर्टाने १९७१ च्या करयानी खटल्यात म्हटलंय. म्हणून वेळेत घेतलेल्या रक्ताला एवढी किंमत.

आता ए-५०१, तुमचा मुद्दा. वांद्र्याचा कार्टर रोड, १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात गेले, आठ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम, मर्यादेच्या पावणेचार पट. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा मानून सहा महिने दिले. हायकोर्टाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. वर असंही लिहिलं की तीन वर्षं फारच तोकडी आहेत, पण शिक्षा वाढवून मागायला राज्य आलंच नाही, म्हणून आम्ही हात लावत नाही. ते वाक्य वाचून मला त्या रात्री झोप लागली नव्हती. माणसं गेली, कोर्टाला शिक्षा कमी वाटतेय, आणि अपीलच नाही!

*ए-१०२:* निष्काळजीपणा आणि सदोष मनुष्यवध यात फरक काय पडतो?

*सी-३०१ (डॉक्टरताई):* काका, सगळा फरक तिथेच. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणाच्या कलम ३०४-अ ला दोनच वर्षं होती, सदोष मनुष्यवधाच्या ३०४ च्या दुसऱ्या भागाला दहा. आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो हे त्याला ठाऊक होतं का, यावर ठरतं. नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणाची कमाल शिक्षा पाच वर्षांवर नेलीये. मला विचाराल तर पिऊन किल्ली फिरवणाऱ्याला ते ठाऊक असतंच.

*डी-४०३:* पण इथे तर कुणाचं रक्तच तपासलं नाही. म्हणजे पुरावा शून्य. मेहुणेबुवांनी सरळ विम्याचा क्लेम टाकावा.

*बी-२०४:* हो, सोमवारी टाकणारच आहे. गाडी उभी असताना कुणीतरी ठोकून गेलं असं लिहितो म्हणत होता.

*सी-३०१ (डॉक्टरताई):* भाऊ, हे मुळीच करू देऊ नका, ते वेगळं खोटं होईल. आणि 'तपासणी नाही म्हणजे सुटलो' हेही विम्यात चालत नाही. दिल्लीला इंडिया गेटजवळ २००७ च्या डिसेंबरमध्ये एक पोर्शे उलटून जळाली. श्वासाची चाचणी नाही, रक्ताची नाही. वैद्यकीय कागदावर फक्त वासाची नोंद. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकाच्या बाजूने निकाल दिला होता, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये तो फिरवला. फौजदारी खटल्यात लागतो तसा पक्का आकडा विमा कंपनीकडे असायलाच हवा असं नाही, आजूबाजूच्या परिस्थितीवरूनही ठरवता येतं, असं सांगितलं.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ ही बघून ठेवा. अशा गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. गेट उघडून 'या साहेब' म्हणणं वॉचमनला सोपं होतं. बारा-साडेबारा हजारांची नोकरी धोक्यात घालून तो गाडीसमोर उभा राहिला.

*सचिव:* फुटेज पुसणार नाही. उद्याच्या मीटिंगमध्ये समज देण्याचा विषय होता, तो मी काढून टाकतो. कुणाची हरकत?

*ए-१०२:* अजिबात नाही.

*बी-२०४:* माझीही नाही. वॉचमनकाका सकाळी ड्यूटी संपवून निघाले तेव्हा किल्ली माझ्या हातात देऊन गेले, मी त्यांच्याशी धड बोललोही नाही. आज रात्री खाली जाऊन बोलतो. मेहुणा गाडी न्यायला उद्या येतोय. क्लेमचा कागद आधी मी वाचणार, मगच किल्ली देणार. ताई, तेव्हा अर्धा तास वर याल का? माझं तो ऐकणार नाही.

*सी-३०१ (डॉक्टरताई):* येते. अकरानंतर कधीही.