मदत हवी आहे : सिव्हिलजवळच्या मोफत जेवणात चपात्यांचा मेळ बसेना

नमस्कार मंडळी. सोलापुरात सिव्हिलजवळ आम्ही काही जण मिळून दुपारचं मोफत जेवण देतो. वॉर्डात पेशंटची सोय होते, सोबत आलेल्याला कोण विचारतो? अक्कलकोट, मंगळवेढा, पलीकडे इंडी-अफझलपूरकडची माणसं असतात. दीडशेच्या आसपास पानं होतात.

आमटी-भात जागेवरच शिजतो, त्याची काळजी नाही. घोडं अडतं ते चपात्यांवर. शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या असतात, तेच माप धरलं तरी रोज तीनशे झाल्या. एवढ्या लाटायला हात नाहीत, म्हणून घरोघरी सांगून ठेवलंय : पाच जास्तीच्या करा, अकराला पोरं डबा न्यायला येतील. एरवी छान चालतं. पण एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार आला की अर्ध्या घरांत तवाच तापत नाही, आणि मे महिन्यात दारांना कुलपं. भात वाढवून पाहिला. ज्वारी खाणाऱ्या माणसाचं त्यानं भागत नाही, तासाभरात चहा-पाव शोधत फिरतात.

पितृपक्षात उलटंच. वडे, खीर घेऊन लोक रांगेनं उभे! (फोटो काढू का विचारणारेही असतात, त्यांना सरळ नाही म्हणतो.) मागच्या वर्षी एका आजींनी वडा हातात धरून विचारलं, "हे कशातलं हाय?" वाढणारी मुलगी गप्प. आजींनी वडा कडेला सारला आणि नुसता आमटी-भात खाल्ला. श्राद्धाचं अन्न सांगून वाढावं की घेऊच नये, यावर आमच्यात दोन तट पडलेत. गरजू आहेत म्हणून न सांगता पानात काहीही टाकायचं, हे मला तरी पटत नाही.

उपासाच्या दिवसांचं काय करावं? चपातीचं मशीन कुणी वापरलंय का?

प्रतिसाद : अहो, सोलापुरात राहून कडक भाकरी सुचली नाही? बचत गटाच्या बायका करतात, पंधरा-वीस दिवस सहज टिकते. तेवढा साठा ठेवा. आमटी पातळ आणि कढत हवी, लोक चुरून खातात. दात नसलेल्यांना आधी भिजवून द्या. मशीन एवढ्याशा कामाला कशाला? श्राद्धाचं सांगूनच वाढा, पण खीर अजिबात घेऊ नका. दुधाचा पदार्थ, कधी आटवला कुणास ठाऊक. भातसुद्धा ६० अंशांच्या वर गरम राहायला हवा, कोमट भातानंही पोटं बिघडतात. आणि अन्नसुरक्षेची नोंदणी केलीय ना? २०११ च्या नियमांत सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारेही येतात.

धागाकर्ती : नोंदणी आहे. भाकरीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं! नगावर मिळते की किलोवर? सिव्हिलच्या बाजूचा एखादा गट माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येत्या एकादशीलाच करून बघते.