आयपॅडवरील मॉडेल क्रमांक बिलाशी जुळत नाही. योग्य मॉडेल मिळाले आहे का?

मिरजेचा_बाबा (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मुलीने इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली आणि तेव्हापासून तिला पडद्यावर चित्रे काढण्याचा ध्यास लागला आहे. तिच्या आत्याने स्वतःची पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल तिला देऊन टाकली. त्या पेन्सिलीला चालेल असाच टॅबलेट घ्यावा, असे ठरवून आम्ही गेल्या आठवड्यात एका स्थानिक दुकानातून नवव्या पिढीचा आयपॅड घेतला: चंदेरी रंग, ६४ जीबी, फक्त वाय-फाय. दुकानदाराने खोके आमच्यासमोर उघडले आणि वस्तू सीलबंद व नवी कोरी असल्याचे सांगितले. बिलावरही 'नवीन' असा शब्द आहे.

अडचण अशी की, बिलावर मॉडेल ए२६०२ असे लिहिलेले आहे, परंतु सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्याखाली अबाउट उघडले असता 'मॉडेल नंबर' या ओळीत एनके२एल३एचएन/ए असा अगदीच निराळा क्रमांक दिसतो. खोक्यावरील चिठ्ठीवर ए२६०२ आहे आणि त्याशिवाय एमके२एल३एचएन/ए असाही एक क्रमांक आहे. तो पडद्यावरील क्रमांकासारखाच आहे, फक्त पहिले अक्षर वेगळे आहे. तो फरक छपाईतील चुकीमुळे पडला असावा असे मला वाटते. 'मॉडेल नेम' या ओळीत आयपॅड, नववी पिढी असे स्पष्ट लिहिलेले आहे. पेन्सिल लगेच जोडली गेली आणि चालतेही उत्तम. दुकानदाराला फोन केला, तर "दोन्ही नंबर एकच असतात, काळजी करू नका," एवढेच उत्तर मिळाले. माझा पुतण्या मात्र म्हणतो की आतले नाव कोणालाही बदलता येते आणि आठव्या पिढीचा आयपॅड नवव्याच्या खोक्यात घालून विकण्याचे प्रकार होतात. माझ्या हातात नेमके कोणते मॉडेल आहे, याची खात्री घरबसल्या कशी करावी?

दुरुस्ती_टेबल

मी मोबाइल आणि टॅबलेट दुरुस्तीचे काम करतो. हा प्रश्न आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या पडद्यावर दिसणारा क्रमांक हा वस्तूचा विक्री क्रमांक आहे. त्याच ओळीवर बोटाने एकदा टिचकी मारा, म्हणजे तो जाऊन त्याच्या जागी 'ए'ने सुरू होणारा क्रमांक येईल. पुन्हा टिचकी मारली की पहिला परत येतो. बिलावरचा ए२६०२ याच जागी लपलेला असतो. आयपॅडच्या पाठीवर, खालच्या बाजूला, 'आयपॅड' या शब्दाखाली फिकट बारीक अक्षरांत तोच क्रमांक छापलेला असतो. चंदेरी रंगावर तो डोळ्यांना दिसणे कठीण असते, त्यामुळे उजेडात तिरपा धरून फोनने छायाचित्र घ्या आणि ते मोठे करून वाचा.

वाय-फायच्या आवृत्तीत ए२१९७ म्हणजे सातवी पिढी (२०१९), ए२२७० म्हणजे आठवी (२०२०) आणि ए२६०२ म्हणजे नववी (२०२१). सिमकार्डाच्या आवृत्त्यांचे क्रमांक वेगळे आहेत, पण आपला त्यांच्याशी संबंध नाही. तिन्ही पिढ्यांचा पडदा १०.२ इंचांचा आहे, होमचे गोल बटण तेच आहे, चार्जिंगला लाइटनिंगची पिनच आहे आणि पहिल्या पिढीची पेन्सिलही तिघांवर चालते. त्यामुळे पेन्सिल जोडली गेली, एवढ्यावरून आयपॅड नवव्याच पिढीचा आहे असे म्हणता येत नाही. कव्हर बसले, हीदेखील खूण नव्हे.

साठवण मात्र पुष्कळ काही सांगते. सातवी आणि आठवी पिढी ३२ व १२८ जीबीत विकली गेली, नववी ६४ व २५६ जीबीत. अबाउटच्याच पानावर 'कपॅसिटी' ६४ जीबी दिसत असेल, तर या तिघांपैकी तो नववाच. त्याचबरोबर सोनेरी रंग आठव्या पिढीपर्यंत होता, नवव्यात नाही. कोणी 'नववी पिढी, सोनेरी' विकत असेल तर तिथून उठावे.

आतले नाव बदलता येते, हे पुतण्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. सर्वांत वरची 'नेम' ही ओळ कोणीही बदलू शकतो. माझ्याकडे आलेल्या एका आयपॅडचे नाव 'गणपती बाप्पा' होते. 'मॉडेल नेम' मात्र प्रणाली स्वतः दाखवते आणि खऱ्या आयपॅडवर ती ओळ वापरकर्त्याला बदलता येत नाही. नकली अँड्रॉइड टॅबलेटांवर अबाउटचे पान सर्रास खोटे केलेले असते, ती गोष्ट वेगळी.

सांगलीचा_ग्राहक

इतके कष्ट कशाला? स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, काढावा आणि 'केवायएम' लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएसने पाठवावा. मॉडेल काय आहे ते सरकारी यंत्रणाच कळवते.

दुरुस्ती_टेबल

फोनसाठी हा उपाय चांगला आहे, इथे मात्र लागू पडत नाही. केवळ वाय-फायच्या आयपॅडला आयएमईआय नसतो, आणि सिमकार्डाच्या आयपॅडवरही असे आकडे दाबण्यासाठी फोनची कळफलक-पट्टी नसते. तिथे तो क्रमांक अबाउटच्याच पानावर वाचावा लागतो.

मिरजेचा_बाबा

मनःपूर्वक आभार. टिचकी मारताच ए२६०२ आला. पाठीवरही भिंगाखाली तोच क्रमांक वाचता आला आणि कपॅसिटी ६४ जीबी आहे. म्हणजे मॉडेल योग्य आहे, असे समजून निश्चिंत व्हावे का?

बिल_जपून_ठेवा

मॉडेल योग्य आहे, पण निश्चिंत होऊ नका. आपण ज्याला छपाईची चूक म्हणालात, माझी नजर त्या अक्षरावरच अडली आहे.

ए२६०२ हा क्रमांक पिढी आणि जोडणीचा प्रकार सांगतो, याहून अधिक काही नाही. ६४ असो वा २५६ जीबी, चंदेरी असो वा करडा, सर्वांचा तो एकच असतो. रंग, साठवण आणि देश हे विक्री क्रमांकातून कळते: एमके२एल३ म्हणजे चंदेरी, ६४ जीबी, वाय-फाय, आणि एचएन म्हणजे भारतातील विक्रीसाठी. त्याचे पहिले अक्षर तर वस्तू ग्राहकापर्यंत कोणत्या वाटेने आली हे सांगते. 'एम' म्हणजे दुकानात विकण्यासाठी बनवलेली नवी वस्तू, 'एफ' म्हणजे कंपनीने नूतनीकरण करून विकलेली, 'पी' म्हणजे नाव कोरून घेतलेली, आणि 'एन' म्हणजे सेवा केंद्रातून एखाद्या ग्राहकाला बिघडलेल्या आयपॅडच्या बदल्यात दिलेली. आपल्या खोक्यावर 'एम' आहे आणि आत 'एन' आहे. याचा अर्थ मला असा दिसतो की, खोके मूळ खरेदीचे आहे, त्यातला आयपॅड बिघडल्यावर मालकाला बदलून मिळाला, आणि तो बदललेला आयपॅड जुन्या खोक्यात घालून, वर नवे आवरण चढवून आपल्याला विकण्यात आला.

हा अजून माझा तर्कच आहे. पुरावा अनुक्रमांकातून मिळेल. अबाउटच्या पानावरील 'सिरीयल नंबर'वर बोट दाबून धरले की तो कॉपी करता येतो. तो, पाठीवरचा आणि खोक्यावरचा, असे तिन्ही अनुक्रमांक एकाखाली एक लिहून ताडून पाहा. वाचताना गोल चिन्ह नेहमी शून्य समजावे, कारण ॲपलच्या अनुक्रमांकात 'ओ' हे अक्षर वापरत नाहीत. त्यानंतर ॲपलच्या संकेतस्थळावरील कव्हरेज, म्हणजे वॉरंटीची स्थिती, तपासण्याच्या पानावर पडद्यावरचा अनुक्रमांक भरा. नव्या वस्तूवर एक वर्षाची वॉरंटी असते आणि ती आपल्या खरेदीच्या सुमारास सुरू झालेली दिसायला हवी. नवव्या पिढीची विक्री ॲपलने मे २०२४मध्ये थांबवली, त्यामुळे खोके दोन-तीन वर्षांपूर्वीचे असणे यात गैर काही नाही. जुना पण न वापरलेला साठा दुकानात असू शकतो. वॉरंटी आपल्या खरेदीपूर्वीच संपलेली दिसली, तर मात्र ती वस्तू कोणीतरी आधी वापरलेली आहे.

मिरजेचा_बाबा

तपासले. पडद्यावरचा आणि पाठीवरचा अनुक्रमांक एकच आहे, खोक्यावरचा पूर्णपणे वेगळा आहे. कव्हरेजच्या पानावर वॉरंटीची मुदत संपल्याचे दिसते, आणि आमचे बिल अकरा दिवसांपूर्वीचे आहे. मॉडेल चुकीचे असेल या भीतीने मी विचारायला आलो होतो. मॉडेल बरोबर निघाले आणि वस्तूच जुनी निघाली. वस्तू उत्तम चालते, मुलगी खूश आहे, मग हा वाद घालावा की नाही, अशा द्विधेत आहे.

बिल_जपून_ठेवा

निर्णय आपला आहे, परंतु वापरलेल्या वस्तूचे आपण नव्या वस्तूइतके पैसे दिले आहेत आणि वॉरंटीही गमावली आहे. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४७)प्रमाणे अनुचित व्यापार पद्धती आहे. आधी दुकानदाराला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. पत्रात बिलाचा क्रमांक, तिन्ही अनुक्रमांक आणि कव्हरेजच्या पानाचे दिनांकासह छायाचित्र, एवढे असले तरी पुरे. आवाज चढवण्याची गरज नसते. त्याने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. बिलावर 'नवीन' हा शब्द दुकानदाराने स्वतःच दिला आहे, ही आपली सर्वांत मोठी बाजू आहे. ते बिल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. बिलांच्या थर्मल (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या) कागदावरची छपाई वर्षभरात पुसट होते.

मिरजेचा_बाबा

पत्र दिले. दुकानदाराने प्रथम "आम्हालाही वरून असेच आले" असे सांगितले, मग खोके आणि आयपॅड शेजारी ठेवून दोन्ही अनुक्रमांक स्वतः वाचले आणि शनिवारी पैसे परत करण्याचे कबूल केले. आता शेवटची शंका: मुलीने या आठ-दहा दिवसांत बरीच चित्रे काढली आहेत. परत देण्यापूर्वी काय करावे?

दुरुस्ती_टेबल

चित्रे आधी संगणकावर किंवा ॲपलच्या आयक्लाउड या ऑनलाइन साठवणीवर उतरवून घ्या. आयक्लाउडवर ५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि एवढ्या चित्रांना ती पुरावी. त्यानंतर मुलीच्या ॲपल खात्यातून बाहेर पडा, तेव्हा 'फाइंड माय' (हरवलेला आयपॅड शोधण्याची सोय) बंद करण्यासाठी पासवर्ड विचारला जाईल, तो द्या. मगच जनरलमध्ये तळाशी असलेल्या 'ट्रान्सफर ऑर रीसेट'मधून सर्व काही पुसा. खात्यातून बाहेर न पडता आयपॅड दिला, तर पुढच्या माणसाकडे तो कुलूपबंद राहील आणि दुकानदार पुन्हा आपल्यालाच फोन करील. आणखी एक: हे सर्व दुकानात उभे राहून करू नका, शुक्रवारी रात्रीच उरकून ठेवा, कारण तिथले वाय-फाय ऐन वेळी चालेल याचा नेम नाही.